पाण्याचं सूत्र एच२ओच का? अणू, मूलद्रव्य, संयुग आणि सूत्रांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: अणू, मूलद्रव्य, रेणू, संयुग यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण सूत्र समोर आलं की अडायला होतं. पाण्यात हायड्रोजनचे दोनच अणू आहेत हे कुणी मोजलं? मिठाचं सूत्र एनएसीएल, म्हणजे मिठाच्या खड्यात सोडियम-क्लोरिनच्या जोड्या भरलेल्या असतात का? आणि सूत्रं पाठच करायची, की ती काढता येतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन त्याच वाटेवर सुटतात. सूत्र काढता येतं. तुम्ही पाठ केलेलं प्रत्येक जुनं सूत्र कुणीतरी तराजूपाशी बसून काढलेलं आहे. माझी बरीच वर्षं पदार्थांच्या विश्लेषणात गेली आणि नंतरची शिकवण्यात. व्याख्यांपासून सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याला सूत्र हे पदार्थाचं टोपणनाव वाटतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. टोपणनाव पाठच करावं लागतं. सूत्र हा हिशेब आहे: कोणते अणू, आणि एकाच्या वाट्याला दुसरे किती. हिशेब म्हटला की तो तपासता येतो, त्यातली चूक पकडता येते.

सूत्रं मी इथे तोंडाने म्हणतो तशीच लिहितो. एच२ओ मधला २ ओळीच्या खाली, लहान आकारात आहे असं समजा. तो नेहमी त्याच्या आधीच्या संज्ञेचा, म्हणजे मूलद्रव्याच्या अक्षरखुणेचा असतो, आणि जिथे अंक नाही तिथे १ धरायचा.

आधी एक शब्दांचा गुंता सोडवू, कारण मराठी वाचकाचा निम्मा गोंधळ तिथेच होतो. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा एकटा कण आणि रेणू म्हणजे अणू जोडून झालेला कण. हिंदीत मात्र अणूला 'परमाणु' म्हणतात आणि आपल्या रेणूला 'अणु'. म्हणजे तोच शब्द दोन भाषांत दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. हिंदीतला धडा ऐकून मराठी पुस्तकातलं गणित सोडवणारे विद्यार्थी इथे हमखास घसरतात, आणि आपली चूक शब्दाची आहे हे त्यांना कळतच नाही. या उत्तरात सगळीकडे मराठी अर्थ घ्या.

आता मूलद्रव्य. लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली तेव्हा त्याची कसोटी अगदी कामापुरती होती: आजवर कोणत्याही उपायाने ज्याचं विघटन करता आलं नाही, ते मूलद्रव्य. त्याच्या ३३ नावांच्या यादीत ऑक्सिजन, गंधक, तांबं होतं, तसाच प्रकाश होता, उष्णता होती आणि चुनाही होता. चुना त्या काळी कुणाला फोडता येत नव्हता. पुढे १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळं काढलं आणि चुना यादीतून बाद झाला. मला ही कसोटी फार आवडते. आपल्या ज्ञानाची मर्यादा तिने व्याख्येतच लिहून ठेवली होती.

आजची कसोटी मात्र पक्की आहे. १९१३ मध्ये मोझली या तरुण इंग्रज संशोधकाने वेगवेगळ्या मूलद्रव्यांमधून निघणारे क्ष-किरण मोजले. त्यांची वारंवारता एका पूर्णांकानुसार पायरीपायरीने वाढत जाते असं त्याला दिसलं. तो पूर्णांक म्हणजे अणूच्या केंद्रकावरचा धन प्रभार, म्हणजेच प्रोटॉनची संख्या. त्यालाच अणुअंक म्हणतात. अणुअंक ८ असेल तर तो ऑक्सिजनच, मग तो हवेत असो, पाण्यात असो की गंजात. आज १ ते ११८ या सगळ्या अणुअंकांची मूलद्रव्यं माहीत आहेत आणि मध्ये एकही जागा रिकामी नाही. ६ आणि ७ च्या मध्ये काही सापडेल का, असा प्रश्नच उरत नाही, कारण साडेसहा प्रोटॉन असू शकत नाहीत.

वजन ही ओळख नव्हे, हे इथेच सांगून टाकतो. क्लोरिनचं अणुवस्तुमान ३५.४५ असं छापलेलं असतं, पण ३५.४५ वजनाचा क्लोरिनचा एकही अणू जगात नाही. साधारण तीन-चतुर्थांश अणूंचं वस्तुमान ३५ च्या जवळ असतं आणि उरलेल्यांचं ३७ च्या. तक्त्यातला आकडा ही त्यांची सरासरी. दोघांतही प्रोटॉन १७ च, फरक न्यूट्रॉनचा. रासायनिक वागणूक ठरते ती इलेक्ट्रॉनवरून, आणि इलेक्ट्रॉन किती ते प्रोटॉन ठरवतात. म्हणून हे दोन्ही अणू मिठात सारखेच बसतात.

'मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण म्हणजे अणू' ही व्याख्या वाचून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तांब्याचा एक अतिसूक्ष्म, लालसर, चकचकीत मणी येतो. तो मणी मनातून काढून टाका. तांब्याच्या एका अणूला तांब्याचा रंग नसतो, चकाकी नसते, तो मऊ किंवा कठीण नसतो, त्याला वितळणबिंदूही नसतो. हे सगळे गुण अगणित अणू एकत्र आल्यावर, त्यांच्या रचनेतून आणि त्यांच्यात वाटल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनांमधून निर्माण होतात. हे एकदा पटलं की पुढची गोष्ट अवघड जात नाही. कार्बनचे तेच अणू एका रचनेत हिरा होतात आणि दुसऱ्या रचनेत पेन्सिलीतलं मऊ ग्रॅफाइट.

त्यातून आणखी एक गैरसमज सुटतो. 'मूलद्रव्य म्हणजे सुटे अणू आणि संयुग म्हणजे रेणू' अशी विभागणी अनेकांच्या डोक्यात असते. ती चूक आहे. इथे दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. पहिला, अणू किती प्रकारचे? एकाच प्रकारचे असतील तर मूलद्रव्य, दोन किंवा अधिक प्रकारचे ठरावीक प्रमाणात जोडलेले असतील तर संयुग. दुसरा, ते जोडलेले कसे? हेलियममध्ये अणू सुटे असतात. ऑक्सिजन वायूत दोन-दोन जोडून ओ२ असा रेणू होतो, ओझोनमध्ये तीन-तीन जोडून ओ३. पिवळ्या गंधकात आठ-आठ अणूंची कडी असते. हे सगळे मूलद्रव्याचे रेणू, आणि यातलं एकही संयुग नाही. मीठ संयुग आहे, पण त्यात रेणूच नाहीत. त्याकडे नंतर येतो.

संयुग आणि मिश्रण यांतला फरक सांगताना 'संयुगात घटकांचे गुणधर्म बदलतात' असं शिकवलं जातं. ते खरं आहे, पण सूत्राच्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. संयुगाचं प्रमाण आपल्या मर्जीवर चालत नाही. साखर पाण्यात कमी घाला, जास्त घाला, सरबत होतंच. पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन पेटवून पाणी केलं तर १ ग्रॅम हायड्रोजन सुमारे ८ ग्रॅम ऑक्सिजनच घेतो, आणि जास्तीचा ऑक्सिजन तसाच उरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रूस्त याने तांब्याच्या कार्बोनेटसारख्या पदार्थांवर हे दाखवलं: खाणीतून आलेला असो की प्रयोगशाळेत बनवलेला, पदार्थ तोच असेल तर घटकांच्या वजनांचं प्रमाण तेच. बर्थोले या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाला ते मान्य नव्हतं आणि दोघांचा वाद काही वर्षं चालला.

प्रमाण ठरलेलं का असावं? जॉन डाल्टनने उत्तर दिलं: कारण पदार्थ अणूंचे बनलेले आहेत, आणि अणू पूर्ण संख्येतच जोडले जातात. अर्धा अणू घेता येत नाही. १८०८ साली त्याने हे सविस्तर मांडलं. आता तुमचा पहिला प्रश्न इथे येतो, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे. या टप्प्यावर घाई केली की सूत्र जन्मभर पाठांतराची गोष्ट राहते.

डाल्टनच्या मते पाण्याचं सूत्र एचओ होतं. एक हायड्रोजन, एक ऑक्सिजन. तो निष्काळजी नव्हता. हातात फक्त वजनं असतील तर सूत्र ठरवताच येत नाही, ही खरी अडचण होती. वजनं सांगतात की हायड्रोजन १ भाग, ऑक्सिजन ८ भाग. यातून दोन कहाण्या तितक्याच नीट जुळतात. सूत्र एचओ असेल तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड. सूत्र एच२ओ असेल तर ऑक्सिजनचा अणू १६ पट जड, कारण ८ भाग दोन हायड्रोजनच्या वाट्याला मिळून १६ होतात. सूत्र माहीत असेल तर अणूचं वजन निघतं, अणूचं वजन माहीत असेल तर सूत्र निघतं, आणि दोन्ही माहीत नसतील तर आपण गोल गोल फिरत राहतो. डाल्टनने मग एक नियम गृहीत धरला: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर ते एकास-एक समजायचं. त्या वेळच्या मोजमापांतून त्याला ऑक्सिजनचा आकडा ७ मिळाला होता.

त्याच १८०८ साली गे-ल्युसॅकने वायूंच्या आकारमानांचे निष्कर्ष जाहीर केले. दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन माप वाफ होते. एक माप हायड्रोजन आणि एक माप क्लोरिन मिळून दोन माप हायड्रोजन क्लोराइड होतो. आकडे इतके साधे की त्यामागे मोजता येणारे कण असलेच पाहिजेत असं वाटावं. १८११ मध्ये इटलीतल्या अव्होगाड्रोने धागा जोडला: तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या सारख्या मापात कणांची संख्या सारखी असते.

हे मान्य करून क्लोरिनचं उदाहरण स्वतः सोडवा. एका मापात शंभर कण आहेत असं धरा. हायड्रोजनचे शंभर, क्लोरिनचे शंभर, आणि तयार झाले हायड्रोजन क्लोराइडचे दोनशे. प्रत्येक नव्या कणात थोडा तरी हायड्रोजन हवा. शंभर कण दोनशे ठिकाणी पुरले, म्हणजे हायड्रोजनच्या प्रत्येक कणाचे दोन भाग झाले. म्हणून हायड्रोजन वायूचा कण हा एक अणू नसून निदान दोन अणूंची जोडी आहे: एच२. ऑक्सिजनचंही तसंच. एक माप ऑक्सिजन दोन माप वाफेला पुरला, म्हणजे तोही ओ२. मग दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांतून दोन माप वाफ, याचा हिशेब एकाच तऱ्हेने नीट बसतो: प्रत्येक वाफेच्या कणात हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक.

पाण्यातून वीज सोडली की एका नळीत दुप्पट वायू जमतो, 'म्हणून' सूत्र एच२ओ, असं आपण वर्गात सांगतो. निकोल्सन आणि कार्लाइल यांनी विजेने पाण्याचं विघटन १८०० सालीच केलं होतं, आणि तरीही डाल्टन आठ वर्षांनी एचओ लिहीत होता. नळीत दिसतं ते दुप्पट आकारमान. दुप्पट आकारमान म्हणजे दुप्पट कण, हे अव्होगाड्रोचं वाक्य मध्ये घातल्याशिवाय तो 'म्हणून' लिहिता येत नाही. विद्यार्थ्याला नेमकं तेच वाक्य सांगायचं राहून जातं.

अव्होगाड्रोचं म्हणणं जवळजवळ पन्नास वर्षं बाजूला पडलं. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू एकमेकांना चिकटून राहतील हेच अनेकांना पटत नव्हतं. बर्झेलियस हा त्या काळचा सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञ. आज आपण वापरतो त्या अक्षरांच्या संज्ञा त्याने १८१३-१४ च्या सुमारास रूढ केल्या. तो मानायचा की अणू विरुद्ध विद्युत प्रभारांमुळे जोडले जातात. मग दोन सारखे अणू जोडले कसे जाणार? परिणामी वेगवेगळे लोक एकाच पदार्थाची वेगवेगळी सूत्रं लिहीत राहिले.

हा घोळ संपवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूअ इथे युरोपभरचे रसायनशास्त्रज्ञ जमले. तिथे इटलीच्या कानिझ्झारोने आपली पद्धत मांडली आणि तिची पुस्तिका वाटली गेली. ती पद्धत इतकी सुंदर आहे की मी ती प्रत्येक तुकडीला करून दाखवतो. वायू किंवा वाफ हायड्रोजन वायूपेक्षा किती पट जड आहे ते मोजा. हायड्रोजनचा रेणू २, म्हणून त्या पटीला दोनने गुणलं की त्या पदार्थाचं रेणुवस्तुमान मिळतं. पाण्याची वाफ ९ पट जड, म्हणून १८. कार्बन मोनॉक्साइड १४ पट, म्हणून २८. कार्बन डायऑक्साइड २२ पट, म्हणून ४४. सल्फर डायऑक्साइड ३२ पट, म्हणून ६४. ऑक्सिजन वायू १६ पट, म्हणून ३२. आता विश्लेषण करून पाहा की या प्रत्येक आकड्यात ऑक्सिजनचा वाटा किती. पाण्यात १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२, सल्फर डायऑक्साइडमध्ये ३२, खुद्द ऑक्सिजन वायूत ३२. कितीही संयुगं घ्या, १६ च्या खाली कुठेच येत नाही, आणि येतो तो १६ च्या पटीतच. म्हणजे ऑक्सिजनचा अणू १६. मग पाण्याच्या १८ मधून १६ गेले, उरले २, आणि ते हायड्रोजनचे दोन अणू. डाल्टनपासून चाललेलं गोल फिरणं इथे थांबलं. त्या सभेला मेंडेलिव्ह हजर होता. नऊ वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याने आवर्तसारणी मांडली ती या सुधारलेल्या अणुवस्तुमानांच्या पायावर.

पाण्यातले दोन हायड्रोजन कुणी मोजले, तर असे, अनेकांनी मिळून, बावन्न वर्षांत.

आता रोजच्या कामाचं: नवं सूत्र लिहायचं कसं. इथे संयुजा लागते, म्हणजे एखादा अणू किती बंध करू शकतो, किंवा आयन (इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन प्रभारित झालेला अणू) झाल्यावर त्याच्यावर किती प्रभार येतो. सोडियमकडे ११ इलेक्ट्रॉन, आतून बाहेर एकेका कवचात २, ८, १ असे. शेवटचा एक सहज जातो, म्हणून प्रभार +१. क्लोरिनकडे २, ८, ७. एक आला की भरलं, म्हणून -१. मॅग्नेशियम +२, ॲल्युमिनियम +३, ऑक्सिजन -२. संयुगाचा एकूण प्रभार शून्य यायला हवा, एवढी एकच अट. ॲल्युमिनियमचे ३ आणि ऑक्सिजनचे २ यांची गाठ ६ वर पडते: दोन ॲल्युमिनियम, तीन ऑक्सिजन, एएल२ओ३. वर्गात शिकवतात तो संयुजांची अदलाबदल करण्याचा तिरपा बाण याच लसावीची पळवाट आहे. पळवाट वापरा, पण शेवटी प्रभारांची बेरीज करून बघा. मॅग्नेशियम ऑक्साइडला बाण लावला तर एमजी२ओ२ येतं आणि ते एमजीओ असं लहान करावं लागतं. त्याच सवयीने हायड्रोजन पेरॉक्साइडचं एच२ओ२ लहान करून एचओ लिहिलं तर चूक. तिथे दोन ऑक्सिजन खरोखर एकमेकांना जोडलेले आहेत आणि रेणूत चार अणू आहेत.

कंस का लागतो तेही हिशेबानेच कळतं. अमोनियम सल्फेट म्हणजे (एनएच४)२एसओ४. अमोनियम हा अख्खा गट दोनदा आहे, म्हणून नायट्रोजन २, हायड्रोजन ८, गंधक १, ऑक्सिजन ४. विझवलेल्या चुन्याचं सूत्र सीए(ओएच)२. कंस गाळला तर २ फक्त हायड्रोजनला लागतो आणि एक ऑक्सिजन हरवतो.

एक सूत्र मी मुद्दाम देतो: शेंदूर म्हणून ओळखलं जाणारं शिशाचं लाल ऑक्साइड, पीबी३ओ४. चार ऑक्सिजनचे मिळून -८. ते तीन शिशांमध्ये वाटले तर प्रत्येकाला २.६७! विद्यार्थी म्हणतात सूत्र चुकलं. सूत्र बरोबर आहे, दोन शिसे +२ चे आहेत आणि एक +४ चं. अपूर्णांक आला की समजायचं, एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या अवस्थेत आहेत.

संज्ञा लिहिताना पहिलं अक्षर मोठं, दुसरं लहान, हा नियम शोभेचा नाही. सी आणि ओ दोन्ही मोठी लिहिली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. ओ लहान लिहिला तर कोबाल्ट हा धातू. सोडियमला एनए, लोहाला एफई, शिशाला पीबी अशा न जुळणाऱ्या संज्ञा आहेत, कारण त्या नेट्रियम, फेरम, प्लंबम या लॅटिन नावांवरून आल्या. या थोड्याच आहेत, त्या मात्र खरोखर पाठ करा.

समीकरण संतुलित करताना खालचा लहान अंक कधीही बदलायचा नाही. २ एच२ओ म्हणजे पाण्याचे दोन रेणू. एच२ओ२ म्हणजे वेगळाच पदार्थ. पुढचा मोठा अंक किती नग ते सांगतो, खालचा अंक वस्तू कोणती ते ठरवतो. अंक जुळत नाहीत म्हणून खालचा आकडा फिरवणं म्हणजे हिशेब जुळावा म्हणून मालच बदलणं.

आता मीठ. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. त्यात सोडियम-क्लोरिनची वेगळी जोडी कुठेच नव्हती. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, असा तिन्ही दिशांना पसरलेला पट. यातला कोणता क्लोराइड कोणत्या सोडियमचा, हा प्रश्न निरर्थक आहे. ही गोष्ट पचायला जड होती. १९२७ मध्येही आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मिठाच्या या बुद्धिबळाच्या पटाविरुद्ध जाहीर पत्र लिहून नाराजी व्यक्त केली होती. तेव्हा तुम्हाला जोडी दिसत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. एनएसीएल हे प्रमाण आहे: अख्ख्या खड्यात जितके सोडियम आयन, तितकेच क्लोराइड आयन. म्हणून 'मिठाचा रेणू' असं म्हणू नये. आणि मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा जोड्या तुटत नाहीत; आधीच स्वतंत्र असलेले आयन पाण्याच्या रेणूंच्या गराड्यात दूर जातात.

सूत्र आणि तराजू यांच्यामध्ये पूल आहे तो मोलचा. २० मे २०१९ पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. या आकड्याची सोय अशी की अणुवस्तुमानाचा आकडा ग्रॅममध्ये घेतला की तेवढे अणू येतात: हायड्रोजन जवळपास १ ग्रॅम, ऑक्सिजन १६ ग्रॅम, पाणी १८ ग्रॅम. ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागलं की कणांची मोजदाद झाली. सूत्र काढण्याचं सगळं तंत्र एवढंच आहे.

मोरचूद घ्या, म्हणजे निळं कॉपर सल्फेट. त्याच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, त्याला स्फटिकजल म्हणतात. किती रेणू, ते काढू. चिनी मातीच्या मुशीत २.५० ग्रॅम मोरचूद घेऊन मंद आचेवर तापवलं, निळा रंग जाऊन पांढरी भुकटी झाली, आणि थंड झाल्यावर वजन भरलं १.६० ग्रॅम. ०.९० ग्रॅम पाणी गेलं. ०.९० भागिले १८ म्हणजे ०.०५० मोल पाणी. उरलेलं कोरडं सीयूएसओ४, त्याचं सूत्रवस्तुमान १५९.६, १.६० भागिले १५९.६ म्हणजे ०.०१०० मोल. एकास पाच. सूत्र: सीयूएसओ४·५एच२ओ.

कागदावर हे पाच मिनिटांचं काम. मी नवशिका असताना पहिल्या प्रयत्नात उत्तर ४.६ आलं होतं. मूस उघड्यावर थंड केली होती, आणि कोरडं कॉपर सल्फेट हवेतलं पाणी अधाशासारखं परत शोषून घेतं. दुसऱ्यांदा मूस कोरड्या हवेच्या बंद बरणीत थंड केली, तर ४.३. या वेळी तापवणं लवकर थांबवलं होतं. पाचांपैकी चार रेणू तुलनेने कमी तापमानाला सुटतात, पाचवा घट्ट बसलेला असतो, त्याला २०० अंशांच्या वर न्यावं लागतं. फारच तापवलं तर सल्फेटच मोडून काळं कॉपर ऑक्साइड होतं. तेव्हापासून तापव, थंड कर, तोल, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत तेच कर, ही शिस्त सुटली नाही. ४.३ आलं म्हणून मी ते ४ असं लिहून मोकळा झालो असतो, तर एक खोटं सूत्र माझ्या वहीत पक्कं बसलं असतं. पूर्णांक जवळ दिसला म्हणून तिकडे ढकलायचं नाही. आधी मोजमापाची चूक शोधायची.

या पद्धतीने हाती येतं ते सर्वांत साधं प्रमाण, हेही ध्यानात ठेवा. विश्लेषणात कार्बन १, हायड्रोजन २, ऑक्सिजन १ असं आलं तर पदार्थ फॉर्माल्डिहाइड असू शकतो, ॲसिटिक आम्ल असू शकतो किंवा ग्लुकोज असू शकतो. ग्लुकोजचं रेणुसूत्र सी६एच१२ओ६ हे त्याच प्रमाणाची सहापट. कोणती पट, हे ठरवायला रेणुवस्तुमान वेगळं मोजावं लागतं, आणि कानिझ्झारो नेमकं तेच करत होता.

रेणुसूत्र कळलं तरी पदार्थ कळला असं नाही. सी२एच६ओ या सूत्राचे दोन पदार्थ आहेत. इथेनॉल, जो ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि डायमिथिल ईथर, जो उणे २४ ला उकळतो, म्हणजे साध्या खोलीत वायूच असतो. अणू तेच, संख्या तीच. एकात ऑक्सिजन शेवटी बसून हायड्रोजनला धरतो, दुसऱ्यात दोन कार्बनांच्या मध्ये बसतो. अशा पदार्थांना समघटक म्हणतात. त्यांच्यासाठी जोडणीचा आराखडा दाखवणारं रचनासूत्र लागतं.

पूर्ण संख्यांच्या नियमालाही अपवाद आहेत. लोहाचं एफईओ म्हणून लिहिलं जाणारं ऑक्साइड प्रत्यक्षात दर १०० ऑक्सिजनमागे साधारण ९५ लोह अणूंचं असतं, कारण स्फटिकात लोहाच्या काही जागा रिकाम्या राहतात. बर्थोले सरसकट चुकला नव्हता, काही घन पदार्थांबाबत त्याचं म्हणणं टिकलं. सुरुवात करताना याची काळजी करू नका, पण पुढे कधी ०.९५ असा आकडा छापलेला दिसला तर छपाईची चूक समजू नका.

हाताला वळण लागावं म्हणून एक गणित देतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, एफईएसओ४·७एच२ओ. लोह ५५.८, गंधक ३२.१, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १ धरा. १०० ग्रॅम ताज्या हिरव्या स्फटिकांत पाणी किती, ते काढा. ४५ ग्रॅमच्या थोडं वर यायला हवं. हे कागदावरच करा, मुशीत नको. हिराकस जोरात तापवला की पाण्यापाठोपाठ गंधकाची विषारी ऑक्साइडंही वायू होऊन निघतात आणि तळाशी तांबडं लोह ऑक्साइड, एफई२ओ३, उरतं. मग दुसरा भाग: लोहाचा एकही अणू बाहेर जात नाही आणि हिराकसाच्या दोन नगांमागे या ऑक्साइडचा एकच नग तयार होतो, एवढ्या माहितीवर त्या १०० ग्रॅमांमागे तांबडी भुकटी किती उरेल ते काढा. २८.७ ग्रॅमच्या आसपास आलं, तर तुमचा हिशेब बरोबर आहे.